भिवंडीतली स्वेट टेस्ट : माझं बदललेलं मत

भिवंडीत स्वेट टेस्टचं, म्हणजे घामाच्या तपासणीचं, यंत्र हवं, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. डॉक्टरांच्या बैठकांत म्हटलं, आणि कापडाच्या धंद्यातल्या ज्या मंडळींना गावासाठी काही करायची इच्छा असते त्यांच्यापुढेही म्हटलं. त्यांच्यातले काही जण पैसे द्यायला तयार झाले. आज मला ते यंत्र नको आहे. ज्यांना मी हौसेने पटवलं त्यांना आता नाही का म्हणते हे सांगायला हवं, म्हणून हे मनोगत.

मी इथे पॅथॉलॉजी लॅब चालवते. रक्त, लघवी, थुंकी, शी हे माझं रोजचं काम. घाम त्यात कधी नव्हता, आणि तो यावा असं मला फार वाटत होतं. त्यामागचं कारण आधी सांगते, कारण ते कारण अजून जसंच्या तसं उभं आहे. बदलला आहे तो उपाय.

सिस्टिक फायब्रोसिस हा आईबापांकडून येणारा आजार. सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर या जनुकात बिघाड असला की पेशींच्या आवरणातून क्लोराईड ये-जा करायची वाट बंद पडते. मग फुप्फुसातला कफ चिकट होऊन बसतो, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, तेलातुपाचं पचन होत नाही, शी तेलकट आणि उग्र वासाची होते. मूल भरपूर खातं, पण अंगी लागत नाही. घामाच्या ग्रंथीत जे घडतं ते तपासणीच्या कामाचं. घाम आत तयार होतो तेव्हा सगळ्यांचाच खारट असतो. नळीतून वर येताना शरीर त्यातलं मीठ परत ओढून घेतं. या मुलांत ते ओढून घेणं होत नाही. घाम वाळला की कपाळावर, कानामागे पांढरी पूड दिसते. बाळाचा मुका खारट लागतो, ही गोष्ट युरोपातल्या जुन्या लोकसमजुतीत आहे. आपल्याकडच्या आयाही ती आपणहून सांगतात. आपण ऐकून घेतो आणि पुढचा प्रश्न विचारतो.

भिवंडीत या आजाराला लपायला जागा भरपूर आहे. इथलं मूल का खोकतं याची कारणं डॉक्टरांच्या हाताशीच असतात. मागाच्या शेडमधून उडणारा कापसाचा तंतू आहे, दाटीवाटीच्या खोल्या आहेत, आणि टीबी तर खरोखरच आहे. छातीच्या फोटोत डाग, वजन वाढत नाही, घरात कुणाला तरी टीबी होऊन गेलेला, एवढं जमलं की एकेटी, म्हणजे टीबीच्या औषधांचा कोर्स, सुरू होते. बहुतेक वेळा तो निर्णय बरोबरच असतो. पण कोर्स पुरा होऊनही खोकला तसाच, मग बालदमा म्हणून पंप, मग जंताचं औषध, मग टॉनिक, मग पुन्हा एकेटी, या वाटेने जाणाऱ्या मुलांत एखादं सिस्टिक फायब्रोसिसचं असतं. त्याच्या फाईलमध्ये ते नाव कधी येतच नाही.

दुसरी वाट उन्हाळ्याची. तिचा माझ्या लॅबशी थेट संबंध आहे. पत्र्याखालच्या खोलीत घामाने निथळणारं तान्हं बाळ मलूल होतं, उलट्या करतं, दूध ओढत नाही. जुलाब नाहीत, तरी सुकलेलं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडियम कमी, पोटॅशियम कमी, क्लोराईड तर खूपच कमी, आणि रक्ताचा कल अल्कधर्मी बाजूला. याला स्यूडो-बार्टर म्हणतात. बाळाने घामावाटे आपलं मीठ गमावलेलं असतं. उष्ण हवेच्या देशांत या आजाराची पहिली ओळख अनेकदा अशीच होते, आणि भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनी हे चित्र नोंदवून ठेवलं आहे. सलाईन लागलं की बाळ टवटवीत होतं आणि घरी जातं. पुढच्या गरमीत पुन्हा येतं.

घामाकडे वैद्यकाचं लक्ष गेलं तेही उन्हाळ्यामुळेच. १९३८ साली न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन या डॉक्टरबाईंनी हा आजार वेगळा ओळखून त्याचं सविस्तर वर्णन केलं, पण जिवंत मुलात तो खात्रीने ओळखायची सोपी सोय नव्हती. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. गरमीने कोसळून रुग्णालयात आलेल्या मुलांत या आजाराची मुलं डोळ्यांत भरण्याइतकी जास्त होती. पॉल दी सांत-आग्नेजे यांनी त्याचा माग काढला आणि १९५३ मध्ये दाखवून दिलं की या मुलांच्या घामात सोडियम आणि क्लोराईड कितीतरी जास्त असतं. सुरुवातीला घाम काढायला मुलांना गरम कपड्यांत, प्लास्टिकमध्ये गुंडाळत. आजारी बाळासाठी ते जिवावर बेतणारं होतं. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी हातावरच्या रुपयाएवढ्या जागेत घाम आणायची रीत दिली. त्यानंतर १९८३ मध्ये पॉल क्विन्टन यांनी घामाच्या नळीतून क्लोराईड जात नाही, हीच मूळ गोष्ट आहे, हे सिद्ध केलं. क्विन्टन स्वतः या आजाराचे रुग्ण होते. हे वाचलं की मला दर वेळी त्यांच्याबद्दल आदर दाटून येतो.

आम्ही शिकत होतो तेव्हा हा गोऱ्यांचा आजार होता. परीक्षेपुरता वाचायचा आणि सोडून द्यायचा. वास्तविक चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी १९६८ मध्येच भारतीय मुलांतले रुग्ण प्रसिद्ध केले होते. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. एस. के. काबरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम नेटाने चालवलं. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने भारतीय रुग्णांतले जनुकीय बदल तपासून छापले. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांवरून काढलेले अंदाज दहा हजारांत एक ते चाळीस हजारांत एक असे आहेत. एम्सच्या गटाने नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा जगात सर्वांत जास्त आढळणाऱ्या एफ५०८डेल या एकाच बदलाचे वाहक २३८ मध्ये एक या प्रमाणात सापडले. बाकीचे बदल त्यात धरलेलेच नाहीत.

एवढं समोर असताना गावात तपासणी नाही, हे मला बोचत होतं. त्यातून मी यंत्राच्या मागे लागले.

आता यंत्रांबद्दल. यात थोडं खोलात जावं लागेल, कारण माझं मत बदललं ते इथेच.

स्वेट टेस्टचे तीन टप्पे असतात: घाम आणणं, घाम गोळा करणं आणि मोजणं. घाम आणायची रीत सगळीकडे जवळजवळ एकच आहे. पायलोकार्पिन हे औषध हाताच्या आतल्या बाजूला ठेवायचं, दोन इलेक्ट्रोड लावायचे आणि बॅटरीवर पाच मिनिटं अगदी सौम्य वीजप्रवाह सोडायचा. औषध कातडीत शिरतं, जागा लाल होते, घामाच्या ग्रंथी जाग्या होतात. मुलाला किंचित चुणचुणतं. बहुतेक मुलं आईच्या मांडीवर तेवढा वेळ निभावून नेतात.

फरक पडतो गोळा करण्यात. जुन्या पद्धतीत आधी वजन केलेला गाळणकागद किंवा गॉज त्या जागेवर ठेवून वरून हवाबंद झाकतात. अर्ध्या तासाने चिमट्याने उचलून पुन्हा वजन करतात. किमान ७५ मिलिग्रॅम घाम हवा, नाही तर नमुना बाद. बोटाचा स्पर्श झाला तर हाताळणाऱ्याच्याच घामाचं मीठ त्यात जातं. झाकण सैल राहिलं तर पाणी उडून मिठाचं प्रमाण फुगतं. काम किचकट, पण पारदर्शक. कुठे काय चुकू शकतं ते सगळं डोळ्यांसमोर असतं.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वेस्कॉर कंपनीने मॅक्रोडक्ट आणलं. घड्याळासारखं मनगटाच्या वर बांधायचं एक गोल भांडं, आणि त्यात गुंडाळलेली केसाएवढ्या पोकळीची प्लास्टिकची नळी. घाम आपल्याच दाबाने नळीत चढतो. तळाशी थोडा निळा रंग असतो, त्यामुळे घाम किती चढला ते आईलाही दिसतं. हवेशी संबंध जवळपास येत नाही, म्हणून बाष्पीभवनाची भीती कमी. अर्ध्या तासात पंधरा मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही लहान अंश, मिळाला तरी चालतं. मग नळी कापून घाम छोट्या कुपीत काढायचा आणि त्यातलं क्लोराईड मोजायचं. गोळा करण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

तिसरा प्रकार नॅनोडक्ट. यात घाम बाहेर काढावाच लागत नाही. हातावरच्याच संवेदकातून घाम वाहतो, जेमतेम तीन मायक्रोलिटर पुरतात, आणि पडद्यावर आकडा येतो. तान्ह्या बाळांसाठी हे वरदान वाटतं. मला हवं होतं ते यंत्र या जातीचं. वजनकाटा नको, रसायनं नकोत, क्लोराईड मोजायची वेगळी व्यवस्था नको. एक पेटी, एक प्रशिक्षित मुलगी, आणि काही मिनिटांत रिपोर्ट. भिवंडीसारख्या गावाला याहून सोयीचं काय असणार, असं मी सगळ्यांना सांगत असे. प्रात्यक्षिक पाहिलं तेव्हा तर मी भारावून गेले होते.

या पेटीत मोजली जाते ती घामाची विद्युतवाहकता. घामात क्लोराईड असतं, सोडियम असतं, पोटॅशियम, बायकार्बोनेट, लॅक्टेटही असतं. वाहकतेत या सगळ्यांची बेरीज येते. भरलेल्या थैलीचं वजन करून आत कांदे किती हे सांगावं, तसा हा प्रकार आहे. म्हणून वाहकतेचा आकडा क्लोराईडच्या आकड्यापेक्षा साधारण पंधराने वर येतो, आणि हा पंधराही प्रत्येक मुलात सारखा नसतो. अमेरिकेतली सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन वाहकतेवरून निदान मान्य करत नाही. वाहकता ५० किंवा जास्त आली तर मुलाला क्लोराईड मोजणाऱ्या केंद्रात पाठवा, असं त्यांचं म्हणणं आहे. क्लोराईडचे उंबरठे ठरलेले आहेत: ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा जास्त म्हणजे आजाराच्या बाजूने ठाम पुरावा, ३० च्या खाली म्हणजे आजार असण्याची शक्यता कमी, आणि मधला पट्टा पुढच्या तपासण्यांचा.

हे मी पूर्वीही वाचलं होतं. पण ते मला श्रीमंत देशांचं सोवळं वाटायचं. त्यांच्याकडे सगळं आहे, म्हणून त्यांना एवढी नाजूक छाननी परवडते. आपल्याकडे काहीच नाही, तिथे थोडं ढोबळ असलं तरी काही तरी आलं, हा माझा युक्तिवाद असे. आज मला नेमकं उलटं वाटतं. ज्या गावात दुसरी तपासणी सहज होत नाही, तिथे पहिली तपासणी ढोबळ असून चालत नाही.

वस्तीतलं एक मूल डोळ्यांसमोर आणा. वजन कमी, अंगावर सूज, खोकला. वाहकता ६२ आली. हा आजार आहे असं सांगायचं की नाही? खूप कुपोषित मुलांत आजार नसतानाही घामातलं मीठ वाढलेलं दिसू शकतं. उलट रक्तातली प्रथिनं घटून अंगावर सूज असेल, तर खरा रुग्णही खालचा आकडा दाखवू शकतो. म्हणजे कुपोषण आपल्याकडे आकड्याला दोन्ही बाजूंनी ओढतं. शहाणा रिपोर्ट म्हणेल: क्लोराईड मोजून घ्या, प्रकृती सुधारल्यावर पुन्हा तपासा. पण मला माझी माणसं माहीत आहेत. एकदा कागदावर आकडा छापला की तोच निदान होतो. ‘पॉझिटिव्ह’ म्हटलेलं कुटुंब घर विकायच्या तयारीला लागतं. ‘निगेटिव्ह’ म्हटलेलं कुटुंब तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतं आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवतं, की ती तपासणी झाली आहे, तो आजार नाही. खोटा दिलासा देणारा कागद त्या मुलाची पुढची सगळी दारं बंद करतो. तपासणी नसण्यापेक्षा हे वाईट आहे, या निष्कर्षाला मी आले.

मग मी दुसरा पर्याय धरून पाहिला. नळीवालं भांडं आणायचं आणि क्लोराईड आपल्याच लॅबमध्ये मोजायचं. माझ्याकडे इलेक्ट्रोलाइटचं यंत्र आहे, ते क्लोराईड रोज मोजतं. पण ते रक्ताच्या आवाक्यासाठी लावलेलं असतं. निरोगी मुलाच्या घामातलं क्लोराईड रक्तातल्या क्लोराईडच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाहूनही कमी असतं, आणि नमुना थेंबाहून लहान. त्यासाठी वेगळी पडताळणी लागते, कमी, मधल्या आणि वरच्या पातळीची नियंत्रण-द्रावणं लागतात. चांदीच्या आयनांनी मोजणारं क्लोरिडोमीटर किंवा मर्क्युरिक नायट्रेटचं टायट्रेशन ही जुनी, खात्रीची साधनं आहेत. दोन्हीला रोजचा सराव असलेला हात लागतो. १६० च्या वर आकडा आला तर तो माणसाच्या शरीरात शक्यच नाही, कुठे तरी चूक आहे, हे ओळखणारं डोकं लागतं.

आणि सराव येणार कुठून? हा हिशेब मी खूप उशिरापर्यंत मांडलाच नव्हता. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिकेची वस्ती सात लाख नऊ हजारांच्या वर होती. हजारी वीस जन्म धरले, तर वर्षाला चौदा हजारांच्या आसपास बाळं. दहा हजारांत एक धरलं तर वर्षाकाठी एखादं-दुसरं मूल, चाळीस हजारांत एक धरलं तर तीन वर्षांत एक. संशयावरून तपासायची मुलं याच्या कितीतरी पट असतील हे खरं. तरीही ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की केंद्राने वर्षाला किमान पन्नास तपासण्या कराव्यात आणि घाम घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने किमान दहा. तेवढ्या आपल्या गावात झाल्या नाहीत, तर पेटी कपाटात राहील. पायलोकार्पिनच्या चकत्या फ्रिजमध्ये मुदत संपून जातील. शिकवलेली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, की महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्या मुलाचा घाम कुणी तरी पुस्तिका उघडून घेईल.

यंत्राला जोखायचं कशावर, तेही या काळात माझ्या मनात बदललं. पूर्वी मी विचारायचे: निकाल किती मिनिटांत येतो, किंमत काय, दुरुस्ती कोण करतं. आता माझा पहिला प्रश्न असा की तुमच्याकडे शंभरात किती नमुने अपुरे पडतात? तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांत दहा टक्क्यांहून जास्त आणि त्याहून मोठ्या मुलांत पाच टक्क्यांहून जास्त नमुने अपुरे येऊ नयेत, असं अमेरिकी फाउंडेशनने घालून दिलेलं आहे. हा आकडा केंद्राचं सगळं खरं सांगून टाकतो. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात घाम घेणाऱ्या बाईंना मी काम करताना पाहिलं. त्यांनी बाळाचा हात ऊर्ध्वपातित पाण्याने पुसला, नीट कोरडा केला, पट्टा बांधताना भांड्याची कड कातडीवर सगळीकडून बसली की नाही ते बोट फिरवून बघितलं, बाळाला दुपट्यात गुंडाळून आईला म्हणाल्या, “आता पाज त्याला, निवांत.” अर्ध्या तासात नळी निळी झाली. साधन जगभर तेच आहे. नमुना पुरेसा आला तो त्या हातांमुळे.

एम्सच्या गटाचं एक काम मला या संदर्भात फार मोलाचं वाटतं. आयात केलेली उपकरणं महाग, त्यांचे सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, म्हणून त्यांनी घाम गोळा करण्याची आणि त्यातलं क्लोराईड मोजण्याची देशी पद्धत बसवली आणि २००२ मध्ये ‘इंडियन पीडिॲट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केली. देशी म्हणजे दुय्यम, अशी माझीही एक जुनी समजूत होती. पण त्यांनी स्वस्त केली ती साधनं. क्लोराईडच मोजायचं हा आग्रह त्यांनी सोडला नाही. मी ज्या पेटीच्या मागे होते तिच्यात साधन महाग होतं आणि आग्रह सोडलेला होता.

मला नेहमी विचारतात की हे सगळं कशाला, रक्त कुरिअरने पाठवा आणि जनुकाची तपासणी करा. तिचं मोल मोठं आहे, पण ती स्वेट टेस्टची जागा घेत नाही. सीएफटीआरमधले दोन हजारांहून जास्त बदल नोंदले गेले आहेत. गोऱ्या रुग्णांच्या जनुकांत एफ५०८डेल साधारण सत्तर टक्के असतो, भारतीय मालिकांत तो १९ ते ४४ टक्के सापडला आहे. युरोपीय रुग्णांवरून बेतलेली छोटी यादी आपल्या मुलात रिकामी आली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. संपूर्ण जनुक वाचलं, तर ज्याचा अर्थ ठाऊक नाही असा बदल हाती येतो. तेव्हा क्लोराईडची वाट खरोखर बंद आहे का, हे शेवटी घामच सांगतो.

यंत्र नको म्हटलं की पुढचा प्रश्न रास्त आहे: मग इथल्या माणसाने काय करायचं? भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर, तिथून मुंबईला थेट लोकल नाही. एसटीने किंवा शेअर रिक्षाने ठाणे नाही तर कल्याण गाठायचं, मग गर्दीची लोकल, कडेवर आजारी मूल. माग चालवणाऱ्याला मीटरवर पैसे मिळतात. खाडा पडला की त्या दिवसाची चूल प्रश्नात. नमुना अपुरा आला म्हणून परत बोलावलं, तर तो दुसऱ्यांदा जात नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणूनच मला तो एकच खेप करायला लावणारं, पहिल्याच फेरीत पुरेसा घाम घेणारं केंद्र हवं आहे, मग ते चाळीस-पन्नास किलोमीटर दूर असलं तरी चालेल. घाम, स्वादुपिंडाचं काम तपासायला शीमधलं इलॅस्टेज, छातीचा फोटो, रक्त हे सगळं त्याच दिवशी व्हावं. वेळ आधी ठरलेली असावी. सोबत इथल्या डॉक्टरचं नीट लिहिलेलं पत्र असावं.

निदान होऊन उपयोग काय, औषध तर परवडत नाही, असं म्हणणारे आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या तीन औषधांच्या गोळीने तिथल्या रुग्णांचं आयुष्य बदललं. मंजुरीच्या वेळी तिची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरच्या आसपास होती, आणि ती गोळी आपल्या मुलांपर्यंत पोचायला हवी यासाठी भांडलंच पाहिजे. पण ती नसतानाही करण्यासारखं पुष्कळ आहे. जेवणाबरोबर स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल, अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वं, छातीची रोजची फिजिओथेरपी, नेब्युलायझरमधून मिठाच्या पाण्याचा फवारा, जंतू ओळखून वेळेवर अँटिबायोटिक. आणि भिवंडीच्या उन्हाळ्यात जादा मीठ. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने बाळाला रोज दिलेलं घरातलं मीठ त्याला उन्हाळ्यातल्या सलाईनपासून वाचवू शकतं. त्यासाठी फक्त आजाराचं नाव कळलेलं असायला हवं. नको असलेली एकेटी थांबते, हाही फायदाच.

आणखी एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. हा आजार होण्यासाठी बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. आपल्या गावातल्या अनेक समाजांत नात्यात लग्नं होतात. कुठे चुलत घराण्यात, कुठे आते-मामे भावंडांत, कुठे मामा-भाचीचं. त्याने ही शक्यता वाढते. हे कुणाच्या धर्माबद्दल किंवा जातीबद्दल म्हणत नाही. म्हणते ते त्या आईसाठी, जिला ‘तुझ्याच दुधात दोष’ म्हणून ऐकवलं जातं. तिच्या सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून, मराठीत, उर्दूत किंवा तेलुगूत, जी भाषा त्यांची असेल तिच्यात हे समजावून सांगणं हाही तपासणीचाच भाग आहे. कोणतीही पेटी ते करणार नाही.

ज्यांनी यंत्रासाठी पैसे देऊ केले होते त्यांना माझी विनंती आहे. तेच पैसे या मुलांच्या जाण्या-येण्याच्या भाड्यासाठी आणि आईबापांच्या बुडालेल्या रोजासाठी राखून ठेवा, उरतील त्यातून एन्झाइमच्या कॅप्सूल घेऊ. गावातल्या डॉक्टरांना विनंती अशी की दुसऱ्यांदा एकेटी लिहिण्यापूर्वी, खाऊनही वाळत जाणाऱ्या मुलाच्या शीबद्दल विचारा. जुलाब नसताना उन्हाळ्यात सुकून आलेल्या बाळाचं सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराईड एकत्र वाचा. घरात आधी एखादं मूल असंच गेलं का ते विचारा. आणि बाळाचा घाम खारट लागतो असं आईने सांगितलं, तर तिचं वाक्य केसपेपरवर लिहा आणि मूल दोन किलोच्या वर असेल तर क्लोराईड मोजणाऱ्या केंद्राकडे पाठवा. सोबतचं पत्र कसं लिहायचं यात अडचण असेल तर मला फोन करा, मी लिहून देईन.